मायर आडनावाची जमाबंदी

जर्मन आडनावांविषयी मराठीत जेव्हा जेव्हा काही लिहिले जाते, तेव्हा आरंभ म्यूलरपासून करावयाचा असा एक शिरस्ताच पडून गेला आहे. स्वतःस मोक्षमूलर भट्ट म्हणवून घेणाऱ्या त्या ऋग्वेदाच्या संपादकामुळे हे आडनाव आपल्याकडे घरचेच झाले, हे मला मान्य आहे. ते जर्मनीत संख्येने पहिले आहे, हेही खरे. परंतु म्यूलर म्हणजे गिरणीवाला, एवढे एकदा सांगून झाले की त्या आडनावाविषयी सांगण्यासारखे फारसे उरत नाही. श्मिट लोहार, श्नायडर शिंपी, फिशर कोळी; बलुत्यांची ही यादी शाळकरी मुलासही पाठ करता येईल. ज्या आडनावात एका संपूर्ण जमीनव्यवस्थेचे दप्तर बांधून ठेवलेले आहे, ज्याच्या एकेका अक्षरावरून माणसाचे मूळ गाव कोणत्या दिशेस असावे हे सांगता येते, आणि ज्याची सर्व रूपे एकत्र मोजली तर ते त्या देशात पहिल्या पाचांत सहज बसते, त्या मायर या आडनावाकडे मात्र आमचे लेखक पाठ फिरवून जातात. गेली चाळीस वर्षे मी वर्गात आणि वर्गाबाहेर याच आडनावाची वकिली करीत आलो आहे, आणि संपादकांनी या वर्षी विषयाची मोकळीक दिल्यामुळे ती येथे सविस्तर करण्याचे योजिले आहे.

मला या आडनावाचा नाद लागला तो हॅनोव्हरच्या एका डाकघरात. त्या काळी तेथील डाकघरांत टेलिफोनच्या जाडजूड डिरेक्टऱ्या लोखंडी चौकटीत उलट्या टांगलेल्या असत. हवी ती वर उचलून फळीवर उघडावयाची. मी एका मायर नावाच्या गृहस्थांचा क्रमांक शोधावयास गेलो होतो आणि पान उलटतो तो पुढेही मायर, त्याच्याही पुढे मायर! नावे संपून आद्याक्षरे सुरू झाली, आद्याक्षरे संपून व्यवसाय सुरू झाले, तरी स्तंभ आपले चालूच. शेजारी उभ्या असलेल्या वृद्ध बाईंनी माझी तारांबळ पाहून विचारले, "ए-ई की ए-इप्सिलॉन?" त्या प्रश्नाचा अर्थ मला त्या दिवशी कळला नाही, तो कळून घेण्यात पुढची कित्येक वर्षे गेली.

मायर हा शब्द लॅटिन 'मायोर' म्हणजे 'अधिक मोठा' यापासून आला, येथपर्यंत सर्वांचे एकमत आहे. फ्रँक राजांच्या दरबारात 'मायोर डोमुस' हा राजवाड्याचा मुख्य कारभारी असे. आमच्या पेशव्यांनी सातारच्या गादीचा मान निदान नावापुरता तरी अखेरपर्यंत राखला. पिपिन नावाच्या फ्रँक कारभाऱ्याने इ. स. ७५१ मध्ये तो पडदाही दूर सारून स्वतःच मुकुट धारण केला. त्याचा पुत्र शार्लमेन. आता गंमत पाहावी: इ. स. ८०० च्या सुमाराचे, शार्लमेनच्या नावावर चालणारे, राजाच्या खाजगी शेतवाड्यांसंबंधीचे जे विख्यात आज्ञापत्र आहे, त्यात खेड्यापाड्यांवरील मायोरांविषयी दोन कलमे अशी आहेत की, ती वाचताना त्या घराण्याचा सारा अनुभव डोळ्यांपुढे उभा राहतो. एक कलम असे की, एका दिवसात घोड्यावरून फेरी मारून जेवढी जमीन पाहून येईल, तेवढीच मायोराच्या ताब्यात असावी, अधिक नसावी. दुसरे असे की, बलिष्ठ माणसांतून मायोर नेमूच नयेत. मध्यम स्थितीतील, इमानी माणसे पाहून नेमावेत. ज्यांनी कारभारीपणाच्या पायरीवरून सिंहासन गाठले, त्यांनाच कारभाऱ्याची धास्ती किती असावी, हे यावरून कळते.

येथे एका जुन्या वादाला हात घालणे मला प्राप्त आहे. मायर म्हणजे पाटील, असे समीकरण आपल्याकडील काही विद्वानांनी मांडून ठेवले आहे, आणि ते इतक्या वेळा छापले गेले आहे की विद्यार्थी त्याला प्रमाण मानू लागले. मी ते कधीही मान्य केले नाही. पाटील हा गावाचा मुख्य. त्याचे जर्मन भाईबंद शुल्टहाइस, शुल्ट्से ही मंडळी होत, कारण गावकीचा न्याय आणि सरकारदेणे यांचा संबंध त्यांच्याशी होता. मायर गावाचा नव्हे, तो धन्याच्या वाड्याचा माणूस. जमीनदाराची अथवा मठाची जी स्वतःची जमीन असे, जिला आपण अचूक शेरी म्हणू, तिची लागवड वेठीवर आलेल्या कुळांकडून करून घेणे, कुळांचे धान्य, डुकरे, अंडी, मध मोजून घेणे आणि धन्याचा वाटा धन्यास पोचता करणे, हे मायराचे काम. आमच्याकडे त्याच्या जवळ कोणी जात असेल तर तो कोकणातला खोत. वसुलीचा मक्ता घेऊन आलेला, पिढ्यांमागून पिढ्या तेथेच राहिल्यामुळे मालकासारखा झालेला, वर सरकार व खाली कुळे यांच्यामध्ये उभा असलेला खोत ज्याने जवळून पाहिला आहे, त्याला मायर निराळा समजावून सांगावा लागत नाही. आमची खोती १९४९ च्या कायद्याने गेली, खोत हे आडनाव मात्र राहिले. तिकडे मायरकी त्याच्या कित्येक शतके आधी लयास गेली आणि आडनाव राहिले.

ती गेली कशी, याचा इतिहास लांबलचक आणि बराचसा रुक्ष आहे. तो मी आटोपता घेतो. बाराव्या-तेराव्या शतकांत शेरी स्वतः कसण्यापेक्षा ती खंडाने लावून देणे जमीनदारांस किफायतशीर वाटू लागले, आणि कालपर्यंत जो कारभारी होता तोच शेरीचा मोठा कुळवाडी झाला. उत्तरेस, आजच्या नीडरझाक्सेन प्रांतात, मुदतीच्या पट्ट्याने जमीन धरणाऱ्यांसही मायर म्हणू लागले. पुढे तेथील राज्यकर्त्यांनी आपल्या करांचा आधार तुटू नये म्हणून त्यांना बेदखल करण्यास प्रतिबंध केला, आणि आमच्या शब्दांत सांगावयाचे तर उपरी होता तो मिरासदार झाला. उत्तरेत मायरांचे एवढे पीक का, याचे उत्तर येथे आहे. आडनावे स्थिर होण्याचा काळ आणि हा शब्द गावोगाव पसरण्याचा काळ एकमेकांत मिसळून गेले.

आता माझ्या खऱ्या आवडीच्या प्रदेशात येतो. एका टापूत दहा मायर झाले की त्यांना ओळखावयाचे कसे? त्यातून जोडनावे जन्मली, आणि ती एकामागून एक वाचीत जाणे म्हणजे त्या भूमीवरून पायी चालणे होय. बाखमायर ओढ्याकाठचा, बेर्गमायर डोंगराकडचा, किर्शमायर देवळाजवळचा, ओबरमायर वरच्या आळीचा, नीडरमायर खालच्या आळीचा. नीमायर म्हणजे उत्तरेच्या बोलीत नवा मायर. ब्राझिलिया नगरीच्या भव्य वास्तू उभारणाऱ्या ऑस्कर नीमायरच्या नावात जर्मन खेड्यातील एक नवी वाडी अशी लपून बसलेली आहे. एर्लेन म्हणजे आल्डर जातीची, ओलाव्यात वाढणारी झाडे. त्यांच्या राईजवळचा तो एर्लेनमायर. आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेतील लाकडी मांडणीवर, तळाशी रुंद व मानेशी निमुळते असे जे शंकुपात्र असे, त्याचा जनक एमील एर्लेनमायर हा रसायनशास्त्रज्ञ. १८६० च्या सुमारास त्याने ते प्रचारात आणले. मी वर्गात नेहमी एक शंकुपात्र नेत असे आणि ते टेबलावर ठेवून मगच आडनावांचा पाठ सुरू करीत असे.

या सर्व प्रदेशांत लिप्पे आणि त्याला लागून असलेला वेस्टफालियाचा पूर्वभाग मला सर्वांत प्रिय. तेथे आडनाव माणसाचे नसून शेतवाडीचे असे. वारस मुलगी असली आणि बाहेरचा तरुण लग्न करून वाडीवर राहावयास आला, तर तो आपले जन्माचे नाव मागे ठेवून वाडीचे नाव घेई. चर्चच्या नोंदवहीत दोन्ही नावांमध्ये 'गेनांट', म्हणजे उर्फ, असा शब्द पडे. मुले वाडीच्याच नावाची. घरजावयाचे नाव बदलावे हे आपल्याला विचित्र वाटेल. पण ज्या समाजात जमीन स्थिर आणि माणसे तिच्यावरून येऊन जाणारी, तेथे याहून सयुक्तिक रीत कोणती? वंशावळी काढणारे लोक या प्रदेशात येऊन हताश होतात, कारण बापाचे नाव एक आणि मुलाचे दुसरे. काहींनी तर या प्रथेस अराजक म्हटले आहे. मला तीत कमालीची शिस्त दिसते. 'मायर त्सू अमुक' अशी जी नावे तेथे आढळतात, ती ऐकून परका मनुष्य त्यांना सरदार समजतो. वस्तुतः ते 'त्सू' म्हणजे आपला 'कर' प्रत्यय, वाडीचे गाव सांगणारा.

त्याच भागात एंगर म्हणून एक लहानसे नगर आहे. शार्लमेनशी झुंजलेला सॅक्सनांचा नायक विडुकिंड तेथे विसावला आहे, अशी परंपरा आहे. एंगरच्या आसपास काही शेतवाड्यांचे धनी झाटेलमायर, म्हणजे खोगिराचे मायर, म्हणविले जात. युद्धप्रसंगी खोगीर घातलेला घोडा सिद्ध ठेवण्याची जबाबदारी त्यांची, आणि आपले पूर्वज विडुकिंडाचे सोबती होते असा त्यांचा अभिमान. झाटेलमायर मरण पावला की त्याच्या शवपेटीमागून खोगीर चढविलेला, रिकामा घोडा चालवीत नेण्याचा मान त्या घराण्यांना होता. मी तेथे गेलो तो ऑक्टोबर महिना होता. बीटांनी भरलेल्या ट्रॉल्या रस्त्यावरून जात होत्या. एका वाडीच्या मळणीच्या दालनाचे दार इतके उंच की, पेंढ्यांनी भरलेली गाडी आत जावी. वरच्या ओकच्या तुळईवर नवराबायकोची नावे, तिचे माहेरचे नाव आणि साल, एवढे सगळे एका ओळीत कोरलेले, अक्षरांत पांढरा रंग भरलेला. घरधनीणबाईंनी शिडी आणून दिली. मी बोटाने ती अक्षरे चाचपली: नवऱ्याच्या नावापुढे 'गेनांट', आणि त्यापुढे वाडीचे मायर. तोपर्यंत पुस्तकात वाचलेले सारे त्या तुळईवर माझ्या बोटांना लागले.

आता त्या वृद्ध बाईंच्या प्रश्नाचे उत्तर. मायर हा एकच उच्चार जर्मन लोक चार-पाच परींनी लिहितात: ए-ई, ए-इप्सिलॉन, आ-ई, आ-इप्सिलॉन, आणि शेवटचा स्वर गाळलेले, आ-इप्सिलॉनवर लगेच 'र' येणारे रूप. हा लहरीचा खेळ नव्हे. बव्हेरिया आणि श्वाबियाच्या दक्षिणी बोलींत जुना 'आय' आणि दीर्घ 'ई'पासून नव्याने झालेला 'आय' हे दोन स्वर निराळे राहिले. म्हणून तेथील लेखनिकांनी जुन्यासाठी 'आ' लिहिला. उत्तरेकडे 'ए' राहिला. इप्सिलॉन हा पुढील काळातील कचेऱ्यांतील कारकुनांच्या वळणाचा प्रसाद. मग १ जानेवारी १८७६ पासून साऱ्या जर्मन साम्राज्यात जन्म-मृत्यू-विवाहाच्या सरकारी नोंदी सुरू झाल्या आणि ज्याच्या कागदावर त्या वेळी जे अक्षर होते, ते गोठले. १९०१ च्या शुद्धलेखन परिषदेने शब्दांना हात लावला, आडनावांना नाही.

पुरावा हवा असेल तर विज्ञानाचा इतिहास उघडावा. मूलद्रव्यांच्या आवर्तसारणीत मेंडेलेयेव्हच्या बरोबरीने ज्याचे नाव घ्यावे लागते, तो लोथार मायर ओल्डेनबुर्गमधील फारेलचा, समुद्राकाठच्या उत्तरेचा, म्हणून ए-इप्सिलॉन. उष्णता व कार्य यांचे समत्व सांगणारा, जावाच्या प्रवासात खलाशांच्या शिरांतील रक्त अधिक तांबडे पाहून विचारात पडलेला वैद्य रोबेर्ट मायर हाइलब्रोनचा. चंद्राच्या गतीची कोष्टके तयार करणारा टोबियास मायर मारबाखचा. दोघेही व्युर्टेंबेर्गचे आणि दोघांतही आ-इप्सिलॉन. उत्क्रांतिशास्त्रज्ञ एर्न्स्ट मायर केम्प्टनचा, आल्प्सच्या पायथ्याचा, आणि त्याच्या नावात शेवटचा स्वर गळालेला आहे, अगदी त्या टापूच्या रीतीप्रमाणे. फ्रायबुर्ग आणि माइंत्स येथील विद्वानांनी टेलिफोनच्या नोंदींवरून जर्मन आडनावांचा जो सात खंडांचा नकाशासंग्रह सिद्ध केला, त्यात ही सारी वाटणी रंगांनी दाखविलेली आहे.

यहुदी मायरांविषयी चार शब्द अवश्य लिहिले पाहिजेत. हिब्रू 'मेइर', म्हणजे प्रकाश देणारा, हे नाव त्या समाजात फार पुरातन. तेराव्या शतकातील रोथेनबुर्गचे धर्माचार्य मेइर यांना तर कैदेतच देह ठेवावा लागला. १७८७ मध्ये ऑस्ट्रियाने आणि १८१२ मध्ये प्रशियाने यहुद्यांना कायम आडनावे घ्यावयास लावली, तेव्हा हे जुने नाव शेजारच्या मायरच्या पोशाखात सहज सामावले. संगीतकार मायरबेअरने आजोळचे मायर आपल्या बेअरला जोडून घेतले. परंतु यावरून प्रत्येक मायर यहुदी ठरविणे जितके चुकीचे, तितकेच त्या परंपरेस अजिबात वगळणेही. आडनावावरून धर्म वाचता येत नाही, आणि तसे वाचणाऱ्यांनी त्या देशात काय केले ते जगाला ठाऊक आहे.

आमच्या विद्येशीही एका मायरचा ऋणानुबंध आहे. योहान याकोब मायर याने कौटिलीय अर्थशास्त्राचे जर्मन भाषांतर केले. ते १९२६ पर्यंत पूर्ण प्रसिद्ध झाले, आणि मुंबई विद्यापीठासाठी प्रा. कंगले यांनी जी चिकित्सक आवृत्ती व इंग्रजी भाषांतर सिद्ध केले, त्यात या मायरच्या मतांचा परामर्श जागोजागी घेतला आहे. त्या ग्रंथाच्या दुसऱ्या अधिकरणात सीताध्यक्षाचे प्रकरण आहे: राजाच्या स्वतःच्या जमिनीत बी केव्हा टाकावे, दास आणि मजूर यांच्याकडून काम कसे घ्यावे, याची व्यवस्था पाहणारा अधिकारी. सीताध्यक्ष आणि मायर हे एकाच कामाचे दोन धनी. ते प्रकरण जर्मनमध्ये उतरविताना त्या पंडिताच्या लेखणीखाली आपल्याच आडनावाचा अर्थ आला होता.

आणि एवढ्या मोठ्या कुळाची आज काय अवस्था आहे? जर्मन भाषेत 'मायर' हा तुच्छतेचा प्रत्यय होऊन बसला: श्लाउमायर म्हणजे दीडशहाणा, आंग्स्टमायर म्हणजे भित्रा. १८५५ पासून एका म्युनिचच्या साप्ताहिकात बीडरमायर नावाच्या काल्पनिक सालस शाळामास्तराच्या नावे विडंबनकविता छापल्या गेल्या, आणि पुढे एका संपूर्ण कालखंडाला ते नाव चिकटले. तेथील सरकारच्या नियमांत तर मायर, म्यूलर, श्मिट, शुल्ट्स ही आडनावे इतकी सार्वत्रिक आहेत की त्यांत ओळख पटविण्याचे सामर्थ्य उरलेले नाही, असे नमूद करून ती बदलण्यास पुरेसे कारण मानलेले आहे. ज्या नावात ओढा, टेकडी, देऊळ, आल्डरची राई अशी प्रत्येकाची जागा कोरलेली होती, त्याला ओळखशून्य ठरवावे, याचे मला अत्यंत दुःख होते. आमच्याकडेही जर्मन शिकणाऱ्यांची संख्या पूर्वीपेक्षा कितीतरी वाढली. पण परीक्षा, व्हिसा आणि नोकरी यांपलीकडे त्या भाषेत काही आहे, हे विचारणारा विद्यार्थी वर्षाला एखादा भेटतो. आणि त्या लोखंडी चौकटी डाकघरांतून केव्हाच निघून गेल्या आहेत.

लिप्पेतील डेटमोल्ड आणि आसपासच्या भागाची एक जुनी डिरेक्टरी, रद्दीत निघालेली, मी त्या वेळी मागून घेतली होती. ती आजही माझ्या मेजाच्या डाव्या हातास आहे; पाने पिवळी पडली आहेत, बांधणी मी दोनदा करून घेतली. शेवटी 'मायर' येणाऱ्या प्रत्येक आडनावापुढे पेन्सिलीने खूण करावयाची आणि शेजारी ओढा, माळ, देऊळ, दलदल असे एका शब्दात लिहावयाचे, असा क्रम ठेवला आहे. श्ट्रोमायरपर्यंत आलो आहे. त्यापुढची पाने या हिवाळ्यात घ्यावयाची आहेत.