एक ओळ तुमची, तीन आमच्या

एका कवीने दुसऱ्याला आपली एखादी ओळ द्यावी आणि घेणाऱ्याने तिच्याभोवती स्वतःच्या ओळी रचून, देणाऱ्याच्या मनातही नसलेला अर्थ तिच्यातून काढून दाखवावा, या खेळाला भारतीय काव्यपरंपरेत ‘समस्यापूर्ती’ म्हणतात. वात्स्यायनाच्या कामसूत्रात चौसष्ट कलांची जी यादी आहे, तीत काव्यसमस्यापूरणाचा समावेश असल्यामुळे हा उद्योग सुसंस्कृत नागरिकाच्या करमणुकीत किती जुन्या काळापासून मोडत होता, याची कल्पना येते. दिलेला चरण, म्हणजे समस्या, बहुधा श्लोकाच्या शेवटी बसवायचा असतो आणि तो जितका असंबद्ध, तितकी पूर्ती करणाऱ्याची कसोटी मोठी. भोजराजाच्या दरबाराभोवती गुंफलेल्या आख्यायिकांत तर केवळ ठकाराच्या आवाजांनी बनलेला, काहीही अर्थ नसलेला चरण समस्या म्हणून येतो आणि कवी त्याला दासीच्या हातून निसटून जिन्यावरून गडगडत गेलेल्या सोन्याच्या घागरीचा आवाज ठरवून मोकळा होतो.

या प्रकाराचे सर्वांत थोर उदाहरण मात्र करमणुकीचे नाही. राष्ट्रकूट राजा अमोघवर्ष याच्या काळातील, म्हणजे नवव्या शतकातील, जैन आचार्य जिनसेन यांनी ‘पार्श्वाभ्युदय’ या काव्यात कालिदासाचे संपूर्ण मेघदूत ओळीओळीने गुंफले. प्रत्येक श्लोकात एक किंवा दोन चरण कालिदासाचे, उरलेले जिनसेनांचे. पण कथा विरही यक्षाची न राहता ध्यानस्थ पार्श्वनाथांची आणि त्यांना छळणाऱ्या वैऱ्याची झाली. शृंगाराच्या ओळींतून वैराग्य उभे करण्याच्या या धाडसात एक प्रकारचा गंभीर खट्याळपणा आहे, हे नाकारता येत नाही. हिंगोली जिल्ह्याला लागूनच असलेल्या वाशीम जिल्ह्यातील शिरपूरच्या अंतरिक्ष पार्श्वनाथामुळे या तीर्थंकरांचे नाव या भागात परिचित आहे. त्यांच्यावरील काव्याने कालिदासावर केलेला उपकार तितका परिचित नाही. जिनसेनांनी ओळी जशाच्या तशा ठेवल्यामुळे मेघदूताचा नवव्या शतकातील पाठ त्यांच्या काव्यात सुरक्षित राहिला आणि का. बा. पाठक यांनी 1894 मध्ये पुण्यात त्याच्याच आधारे मेघदूताची आवृत्ती सिद्ध केली.

दिलेली ओळ नेमके काय करते, हे एका लहान नमुन्यावरून पाहता येईल. हिंगोली जिल्ह्याच्या कळमनुरी तालुक्यातील डोंगरकडा आणि आसपासचा मुलूख हळदीचा असल्यामुळे, तेथील एखाद्या कवीने ‘हळद उन्हाला वाळत होती’ अशी ओळ दिली, असे समजावे. ही ओळ सोळा मात्रांची आहे. मात्रा म्हणजे उच्चाराला लागणाऱ्या वेळाचे माप, ज्यात ऱ्हस्व अक्षराची एक आणि दीर्घाची दोन धरतात. देणाऱ्याच्या डोळ्यांसमोर शिजवून पसरलेल्या हळदीचे साधे दृश्य असेल. घेणाऱ्याने तिच्या आधी त्याच मापाच्या तीन ओळी घातल्या, तर अशी पूर्ती होऊ शकते:

बाजाराचा भाव ऐकुनी
घरी परतली भरली पोती;
नवरी सांगे, लग्न लांबले –
हळद उन्हाला वाळत होती.

शेवटच्या ओळीतील एक अक्षरही बदललेले नाही, तरी दृश्याची आता सबब झाली आहे: पडलेल्या भावाची लाज झाकण्यासाठी नवरी शेजारणींना जे सांगते, ते वाचक हसून ऐकतो आणि मग त्याला पोती आठवतात. चांगल्या पूर्तीची खूण हीच मानावी लागते. नुसते यमक जुळवून दिलेली ओळ शेवटी चिकटवणे कोणालाही जमते आणि दरबारी समस्यापूर्तीचा बराचसा भाग या चलाखीपुढे गेला नाही, हेही खरे.

मराठवाड्याला या खेळाचे दुसरे रूप उर्दूतून ठाऊक आहे. 1948 पर्यंत हा प्रदेश निजामाच्या राज्यात होता आणि राज्यकारभाराची व उच्च शिक्षणाची भाषा उर्दू असल्यामुळे मुशायरा, म्हणजे कवींनी आपल्या रचना ऐकविण्याची मैफल, येथे परकी नव्हती. ‘तरही मुशायऱ्या’साठी आधीच एक मिसरा, म्हणजे शेराची एक ओळ, जाहीर होतो, प्रत्येक शायर त्याच वृत्तात आणि त्याच काफिया-रदीफात (यमक आणि त्यामागून जसाच्या तसा येणारा शब्द वा शब्दसमूह) गझल लिहितो आणि दिलेल्या मिसऱ्याला स्वतःची पहिली ओळ जोडतो, ज्याला ‘गिरह लावणे’ म्हणतात. एकाच ओळीला दहा जणांनी मारलेल्या दहा गाठी एका बैठकीत ऐकण्याची मजा श्लोकाच्या पोथीत मिळत नाही. जपानातील ‘रेंगा’ या साखळी-काव्यातही एकाच्या ओळींना दुसरा आपल्या ओळी जोडत जातो. त्याचा प्रारंभीचा तुकडा पुढे सुटा झाला आणि त्यातूनच हायकू घडला, जो शिरीष पै यांनी मराठीत रुजविला.

ज्यांनी समस्यापूर्ती हे नावही ऐकले नसेल, अशा बायकांनी मात्र ही कला सर्वांत मोकळेपणाने वापरली. जात्यावरच्या ओवीत आरंभाची ओळ बहुधा सामाईक असते. ती आईकडून, सासूकडून किंवा परगावहून आलेल्या सुनेकडून मिळते आणि दळणारी तिच्यापुढे आपल्या भावाचे नाव, आपला रुसवा, एखादा टोमणा जोडते. हेमा राईरकर आणि गी पॉइट्व्हँ यांच्या पुढाकाराने महाराष्ट्रातील खेड्यांतून अशा लाखाहून अधिक ओव्या जमा झाल्या, त्यांत एकाच आरंभाची अनेक रूपे सापडतात. येथे ओळ देणारी आणि घेणारी असा भेदच उरत नाही.

याउलट विडंबनात मूळ कवीची संमती विचारली जात नाही. आचार्य अत्रे यांनी ‘केशवकुमार’ या नावाने 1925 मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘झेंडूची फुले’ या संग्रहात समकालीन कवितेची खोड काढली. ती खोड अचूक होती म्हणूनच टिकली. ओळ स्वखुशीने दिलेली असली की थट्टेची धार थोडी बोथट होते, पण देणाऱ्यालाही हसण्यात भाग मिळतो आणि हयात कवीच्या ओळीबाबत कॉपीराइटचा प्रश्नही उद्भवत नाही.

डोंगरकड्यासारख्या गावात 27 फेब्रुवारीच्या मराठी भाषा गौरव दिनी ठरावीक भाषणांऐवजी हा खेळ शाळेत किंवा ग्रंथालयात सहज मांडता येईल. प्रत्येकाने एक ओळ चिठ्ठीवर लिहून द्यावी, ओळ पूर्ण वाक्याची पण फार सजविलेली नसावी, कारण अलंकारांनी गच्च भरलेल्या ओळीत दुसऱ्याला शिरायला जागा राहत नाही. मग दुसऱ्याची चिठ्ठी उचलून तीन ओळी जोडाव्यात. एक पथ्य मात्र काटेकोर पाळावे. हिंगोली जिल्ह्यातीलच नरसी ज्यांच्या नावाने ओळखली जाते, त्या नामदेवांची ‘नामा’ ही मुद्रा पुढच्या काळात विष्णुदास नामा यांच्यासारख्या कवींनीही वापरली आणि गाथेतील कोणता अभंग कोणाचा, हे ठरविताना अभ्यासकांची आजही दमछाक होते. म्हणून कवितेखाली पूर्ती करणाऱ्याबरोबर ओळ देणाऱ्याचेही नाव लिहावे.