सागाचा गाभा कशावर ठरतो?

भंडारा जिल्ह्यात धानाच्या बांधीच्या धुऱ्यावर सागाची रांग दिसली, की ती बहुधा घर बांधताना किंवा लेकीच्या लग्नात कामी येईल म्हणून लावलेली असते. वीस-पंचवीस वर्षांनी झाड आरामशीनवर जाते तेव्हा त्याची खरी किंमत कळते. खोड चांगले जाड असते, पण चिरल्यावर आत तपकिरी गाभा थोडा आणि भोवती फिकट कच्चे लाकूड जास्त निघते. भाव गाभ्याला असतो. कच्च्या लाकडाला वाळवी लागते, ओल धरली की बुरशी येते. एकाच दिवशी, एकाच जमिनीत लावलेल्या दोन झाडांचा गाभाही सारखा नसतो. या फरकात माती-पाण्याचा वाटा किती आणि वंशाचा किती, यावर भारतात आणि बाहेर बरीच वर्षे संशोधन सुरू आहे.

गाभा म्हणजे झाडाचा मेलेला भाग. बाहेरच्या थरातून पाणी वर चढते आणि तेथे काही पेशी जिवंत असतात. वय वाढते तशा आतल्या पेशी मरतात. मरण्यापूर्वी त्या लाकडात काही रसायने भरून ठेवतात. सागात ती मुख्यतः क्विनोन गटातली आहेत. त्यातले टेक्टोक्विनोन वाळवीला दूर ठेवते. जुने सागवान पिढ्यान्‌पिढ्या टिकते ते या रसायनांमुळे. २०२३ मध्ये अयोध्येच्या राममंदिरासाठी चंद्रपूर-गडचिरोली भागातले सागवान बल्लारपूरहून गेले. ते जंगलात सावकाश वाढलेल्या, वयस्क झाडांचे लाकूड होते. खत-पाण्यावर लवकर वाढवून तरुणपणीच तोडलेल्या झाडात गाभा भरायला वेळच मिळत नाही.

सिकलसेलसारखे सोपे नाही

विदर्भात सिकलसेल आजार घरोघरी माहीत आहे. एका जनुकातला एक लहानसा बदल आई आणि वडील दोघांकडूनही आला, की हा आजार होतो. लाकडाचे तसे नाही. घनता, गाभ्याचे प्रमाण, खोडाचा सरळपणा हे गुण रक्तदाब किंवा उंचीसारखे आहेत. त्यांच्यामागे अनेक जनुके असतात, प्रत्येकाचा वाटा थोडा, आणि वर हवामान-मातीचा परिणाम. तरी एक गोष्ट दिलासा देणारी आहे. झाडांमध्ये खोडाच्या जाडीपेक्षा लाकडाची घनता साधारणपणे वंशावर जास्त अवलंबून असते. म्हणून चांगल्या झाडाची निवड करून पुढची पिढी सुधारता येते.

या निवडीची जुनी पद्धत सरळ आहे. जंगलातली सरळ, उंच, निरोगी झाडे हेरायची, त्यांची कलमे एका ठिकाणी लावायची आणि तेथले बी वापरायचे. अडचण अशी, की सागाचे परागीकरण कीटक करतात आणि बी बहुतेक दोन वेगळ्या झाडांच्या संकरातून तयार होते. त्यामुळे एकाच झाडाच्या बियांची रोपेही भावंडांसारखी वेगवेगळी निघतात. शिवाय फळाचे कवच कठीण असल्याने उगवण कमी होते. यावर पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने मार्ग दाखवला. तेथील शास्त्रज्ञांनी १९८० मध्ये शंभर वर्षांच्या सागापासून टिश्यू कल्चरने रोपे तयार केल्याचे प्रसिद्ध केले. निवडलेल्या झाडाची हुबेहूब प्रत त्यामुळे शक्य झाली.

पुढचा टप्पा जनुकांच्या वाचनाचा. २०१८ मध्ये कोइमतूरच्या वन आनुवंशिकी व वृक्ष प्रजनन संस्थेतील शास्त्रज्ञांनी सागाच्या जनुकसंचाचा पहिला आराखडा मांडला. २०१९ मध्ये अमेरिकेतील मिशिगन स्टेट विद्यापीठाच्या गटाने तो अधिक नेमका केला. त्यात सुमारे ३१ हजार जनुके आढळली. याचा उपयोग काय? साग चांगला की वाईट, हे कळायला आज दोन-तीन दशके थांबावे लागते. गुणांशी जोडलेल्या जनुकीय खुणा पक्क्या झाल्या, तर रोपाच्या पानावरूनच अंदाज येईल. लवकर फुलणारा साग हे त्याचे उदाहरण. शेंड्याला फुलोरा आला की मुख्य खोडाची सरळ वाढ थांबते आणि फांद्या फुटतात. उशिरा फुलणारी झाडे आधीच ओळखता आली, तर लांब, सरळ खोड मिळेल.

थेट जनुके बदलण्याचे प्रयोगही होत आहेत. २०२३ मध्ये नॉर्थ कॅरोलिनातील संशोधकांनी पॉपलर झाडातील लिग्निन काही रोपांमध्ये जवळजवळ निम्म्यावर आणले. कागद कारखान्यांना याचा फायदा होऊ शकतो, कारण लगदा करताना लिग्निन काढण्यातच रसायने आणि इंधन खर्च होते. इमारती सागाला हा मार्ग लागू होत नाही, तेथे मजबुतीच हवी असते.

सुताराच्या अंगावरचे चट्टे

वाळवीला हटवणाऱ्या या रसायनांचे एक कुटुंब माणसालाही त्रास देते. सागातील लॅपाकॉल आणि विशेषतः डीऑक्सीलॅपाकॉल यांमुळे काही सुतारांच्या आणि आरामशीन कामगारांच्या हातावर, मानेवर, पापण्यांवर खाजरे चट्टे उठतात. बरेचदा ते खरूज किंवा गजकर्ण समजले जातात. सुट्टीत कमी होणारे आणि काम सुरू होताच परतणारे चट्टे असतील, तर भुशाची ॲलर्जी आहे का हे तपासावे. लाकडाच्या भुशाचा धोका तेवढ्यावर थांबत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये लाकडाच्या धुळीला माणसात कर्करोग करणाऱ्या घटकांत गणले. नाक आणि नाकाभोवतीच्या पोकळ्यांचा कर्करोग त्यात मुख्य. त्यामुळे जास्त टिकाऊ साग शोधताना त्यात कोणते क्विनोन वाढते, हेही मोजले गेले पाहिजे.

सध्या शेतकऱ्याने इतके लक्षात ठेवावे. टिश्यू कल्चर ही रोपे तयार करण्याची पद्धत आहे, गुणांची हमी नव्हे. मातृवृक्ष कोणता, तो कोणत्या भागातला आणि किती वयाचा, हे विक्रेत्याला विचारावे. थोड्या वर्षांत मोठ्या उत्पन्नाचे आश्वासन मिळाले तर सावध व्हावे. सगळी रोपे एकाच झाडाची लावू नयेत, कारण एखादी कीड किंवा रोग आला तर सारी रांग एकदम जाऊ शकते. आरामशीनवर काम करणाऱ्यांनी नाक-तोंड नीट झाकणारा मास्क वापरावा, पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत आणि घरी जाण्यापूर्वी हात-तोंड धुऊन कपडे बदलावेत. एकाच नाकपुडीतून वारंवार रक्त येत असेल किंवा ती सतत चोंदलेली राहत असेल, तर कान-नाक-घसा तज्ज्ञाला दाखवण्यात दिरंगाई करू नये.