डोलकाठींतील दोर बदलणें

समुद्रावर शीड फुगवून चाललेलें तारूं दृष्टीस पडलें म्हणजे पाहणाराचें लक्ष प्रथम शिडाकडे जातें, नंतर डोलकाठीकडे. दोराकडे सहसा कोणी पाहत नाहीं. वास्तविक शीड वर चढतें, वर टिकतें आणि प्रसंगीं खालीं उतरतें तें एका बोटभर जाडीच्या दोरामुळें. पौलाचा रोमकडील जलप्रवास ज्यांनीं प्रेषितांच्या कृत्यांच्या २७ व्या अध्यायांत वाचला आहे, त्यांस आठवत असेल कीं, तारूं किनाऱ्यास लावतेवेळीं खलाशांनीं नांगर सोडून दिले व पुढलें शीड वाऱ्यावर उभारलें. त्या क्षणीं तो दोर तुटता तर?

नौकेवरील दोर दोन जातींचे असतात. कांहीं डोलकाठीस चहूंकडून ताणून उभी धरतात. ते एकदां बांधले कीं हलत नाहींत, व हल्लीं ते बहुधा पोलादी तारेचे असतात. दुसरे चालते दोर. त्यांपैकीं शीड वर ओढणारा दोर हा प्रस्तुत लेखाचा विषय होय. त्याचें एक टोंक शिडाच्या माथ्यास अडकविलेलें असतें. तेथून तो डोलकाठीच्या शेंड्यावरील कप्पीवरून वळून खालीं येतो. अलीकडील डोलकाठ्या पुष्कळदां ॲल्युमिनियमच्या व पोकळ असतात, आणि दोर त्या पोकळींतून उतरून तळाजवळच्या फटींतून बाहेर पडतो. यामुळें वाऱ्यास अडथळा कमी होतो व दोरावर ऊनही कमी पडतें. परंतु दोर दृष्टीआड गेला, आणि अडचण उत्पन्न झाली ती तेथेंच.

सुईंत दोरा ओवतांना नाकें डोळ्यांसमोर असतें; येथें तें चाळीस-पन्नास फूट उंचावर आहे. मग नवा दोर ओवावा कसा? त्यास वाट दाखविणारा वाटाड्या एकच, तो म्हणजे जुना दोर. तो शाबूत आहे तोंवर काम अर्ध्या तासाचें. तो तुटून खालीं आला कीं तेंच काम दिवसाचें व जोखमीचें होऊन बसतें. बंदरांत एक वेळ तेंही चालेल. पण मुंबईस सागवानाची बांधलेली ‘सुहैली’ ही ३२ फुटी नौका घेऊन रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन १९६८-६९ सालीं ३१२ दिवस कोठेंही न थांबतां एकटे पृथ्वीप्रदक्षिणा करीत होते. गोव्यांत बांधलेल्या ‘म्हादेई’ नौकेंतून दिलीप दोंदे यांनीं २००९-१० सालीं एकट्यानें पृथ्वीप्रदक्षिणा केली, आणि अभिलाष टॉमी यांनीं त्याच नौकेंतून २०१२-१३ सालीं ती मध्यें कोठेंही न थांबतां केली. अशा नाविकानें दोर तुटला म्हणून कोणाला हांक मारावी?

दोर सर्वत्र सारखा झिजत नाहीं. शीड पूर्ण चढलें असतां दोराचीं तींच चार बोटें दिवसेंदिवस कप्पीवर वांकून बसतात, व प्रत्येक लाटेसरशीं घर्षण तेथेंच होतें. त्यांत मिठाचे कण धाग्यांत शिरतात. म्हणून शीड उतरवून तेवढा भाग हातानें चांचपावा. वरचे तंतू लोकरीसारखे पिंजले असतील आणि आंतला गाभा शाबूत असेल, तर शिडाकडील हातभर तुकडा कापून टाकला म्हणजे झिजलेली जागाच निघून जाते. मात्र दुसरीकडे तेवढी लांबी शिल्लक हवी. गाभाच दिसूं लागला, तर चालढकल करूं नये.

नवा दोर कशाचा घ्यावा? कोंकणांत काथ्याचे दोर पिढ्यान्‌पिढ्या चालत आले. विलायती जहाजांवर मनिला दोर असे. तो फिलिपाईन्समधील केळीच्या जातीच्या एका झाडाच्या तंतूंचा होतो. आतां बहुधा पॉलिएस्टर वापरतात. त्याचा शोध १९४१ सालीं इंग्लंडांत व्हिनफील्ड व डिक्सन यांनीं लावला. ‘टेरिलीन’ म्हणून ज्याचे सदरे आमच्या वडील मंडळींनीं हौसेनें शिवले, तेंच हें सूत. नायलॉन बळकट खरें, पण ताणतें; तें नांगराच्या दोरास चांगलें, शिडाच्या नव्हे. लांबी काठीच्या दुपटीहून कांहीं अधिक धरावी. ४० फूट काठीस सुमारें १०० फूट. जाडी जुन्याइतकीच असावी. बारीक दोर कप्पीच्या बाजूच्या फटींत शिरून अडकतो.

नव्या दोराच्या एका टोंकास शिडाची कडी बसविलेली असते. ती कप्पीवरून जाणार नाहीं. अर्थात् मोकळें टोंक पुढें गेलें पाहिजे. म्हणून जुन्या दोराची कडी कापावी, मात्र त्यापूर्वीं तो दोर नौकेच्या कठड्यास बांधून ठेवावा, नाहींतर तो हातांतून सुटून वर जातो. मग दोन्ही टोंकें समोरासमोर भिडवावीं. गांठ मारूं नये, ती कप्पीशीं अडते. दाभणानें मेण लावलेल्या सुताचे तीन-चार टांके गाभ्यासकट आरपार घालावे, व वरून चिकटपट्टी अशी गुंडाळावी कीं बोट फिरवितां उंचवटा लागूं नये.

आम्हीं एकदां टांक्यांचा कंटाळा करून केवळ चिकटपट्टीवर भिस्त ठेवली. दुपारचें ऊन होतें, गोंद मऊ झाला, आणि जोड शेंड्याशीं पोहोंचतांच सुटला. जुना दोर काठीच्या पोटांत सरसर उतरला, नवा बाहेरून आमच्या डोक्यावर येऊन पडला. मग दुसऱ्या दोरास पाट बांधून, कमरेस आणखी एक दोर अडकवून, एकास वर चढविलें. त्यानें बारीक दोरीस सायकलच्या सांखळीचा वीतभर तुकडा बांधून कप्पीवरून आंत सोडला. सांखळी कप्पीवर सहज वांकते, वजनानें खालीं जाते, आणि पोलादाची असल्यामुळें फटीशीं लोहचुंबक धरला कीं चिकटते. आमची ती तिसऱ्या खेपेस चिकटली. तोंवर सूर्य मावळला होता, आणि पाटावरच्या गृहस्थाचे पाय बधिर झाले होते.

जोड बळकट आहे अशी ओढून खात्री झाली म्हणजे एकानें खालच्या फटींतून जुना दोर संथपणें ओढावा, दुसऱ्यानें नवा पीळ न पडूं देतां सोडीत राहावें. मध्येंच अडल्यास हिसका देऊं नये; दोन हात मागें घेऊन पुन्हां ओढावें. जोड फटींतून बाहेर आला, कीं नव्या दोराच्या शेवटास आधीं गांठ मारावी, आणि मगच टांके उसवावे.

पावसाळ्यांत नौका किनाऱ्यावर ओढून ठेवतात, तेव्हां दोर काढून गोड्या पाण्यांत धुवावे, पण त्यांच्या जागीं बारीक दोरी ओवून ठेवावी; तीही उन्हानें कुजलेली नसावी. नव्या दोराचा दिनांक नौकेच्या वहींत लिहावा. जुन्याचे बरे तुकडे होडी बांधावयास कामीं येतात.