अणुवीजगृहांतील अपघात आणि दुभतीं जनावरें

अणुवीजगृहाचा अपघात म्हटला म्हणजे पुष्कळांच्या डोळ्यांपुढें बाँब उभा राहतो. ही समजूत चुकीची आहे; वीजगृहाच्या इंधनांत सहज भंगणाऱ्या युरेनियमचें प्रमाण इतकें अल्प असतें कीं, त्याचा बाँब होऊं शकत नाहीं. खरी भीति निराळी आहे, व ती गुऱ्हाळ चालविणारास लवकर उमगेल. चुलवाणांत चिपाडें घालणें थांबविलें तरी काहिलींतील रस कांहीं वेळ उकळतच राहतो. अणुभट्टीचेंहि तसेंच, भेद इतकाच कीं, तेथें भट्टी बंद केल्यावरहि भंगलेल्या अणूंपासून नवी उष्णता निघतच असते. प्रथम ती पूर्ण शक्तीच्या सुमारें ६ ते ७ टक्के असते. म्हणून पाण्याचे पंप अखंड चालले पाहिजेत. ता. ११ मार्च २०११ रोजीं जपानांत फुकुशिमा येथें भूकंपानें बाहेरची वीज तुटली, मागोमाग समुद्राच्या लाटेनें डीझेल एंजिनें बुडविलीं, आणि तीन भट्ट्यांचें इंधन वितळलें. आपल्या तारापूरच्या १९६९ सालच्या दोन भट्ट्या याच उकळत्या पाण्याच्या जातीच्या आहेत.

तारापूर सह्याद्रीपलीकडे, समुद्रकांठीं. मग बारामती-इंदापुरास त्याचें काय, असें कोणी विचारील. आमच्या मतें प्रश्न दुधाचा आहे. वाऱ्यानें आलेलें किरणोत्सारी आयोडीन गवतावर बसतें, गाईच्या पोटांतून दुधांत उतरतें व मुलांच्या गळ्यांतील ग्रंथींत सांठतें. १९५७ सालीं इंग्लंडांत विंडस्केल येथें भट्टीस आग लागली (ती भट्टी विजेची नव्हे, शस्त्रांसाठीं होती), तेव्हां सुमारें ५०० चौरस किलोमीटर मुलखांतील दूध ओतून देण्यांत आलें. १९८६ सालीं चेर्नोबिलच्या आसपास तें वेळीं थांबविलें नाहीं; पुढें हजारों मुलांस त्या ग्रंथीचा कर्करोग झाला. हें आयोडीन दर आठ दिवसांनीं निम्मे होतें. तें पुरेसें कमी होईपर्यंत जनावरें गोठ्यांत ठेवून झांकलेली जुनी वैरण किंवा मुरघास घातल्यास दूध वांचतें.

सीझियम मात्र निम्मे होण्यास तीस वर्षें घेतें. तें पालाशासारखें असल्यामुळें पालाश कमी असलेल्या जमिनींत पीक तें अधिक ओढतें. म्हणून जपानी शेतकऱ्यांनीं भातास पालाश वाढवून दिला. परंतु उघड्यावर राहिलेला पेंढा दूरच्या गोठ्यांस विकला गेला, आणि २०११ च्या जुलैंत तेथील गोमांसांत सीझियम सांपडलें. वारा न पोंचला तेथें वैरण पोंचली. दुष्काळी सालीं बाहेरची वैरण आणणाऱ्या इंदापुरच्या जिराईत गांवांनीं गंजी कोठून आली, हें तरी विचारून घ्यावें.