कूपनावरची सूट कोठून येते?

ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम तुम्हांला ठाऊक आहेच. ऊर्जा नव्याने निर्माण होत नाही आणि नाहीशीही होत नाही. ती एका रूपातून दुसऱ्या रूपात जाते. जमिनीवर टाकलेला चेंडू उसळून उसळून अखेर थांबला, तर त्याची ऊर्जा गेली कोठे, असे आपण विचारतो. उष्णता आणि ध्वनी यांचा हिशेब लागला, की मगच आपले समाधान होते.

हीच सवय आज हॉटेलच्या बिलाला लावून पाहू या. घरची मंडळी बाहेर जेवायला गेली आहेत. १००० रुपयांचे बिल झाले. कोणीतरी मोबाइलवर ॲप उघडले, कूपनाचा सांकेतिक शब्द टाकला आणि बिल ५०० रुपयांवर आले. सगळे खूश! पण भाजी तेवढीच शिजली, तेल तेवढेच लागले, वेटरही तेवढाच धावला. मग उरलेले ५०० रुपये गेले कोठे? पैसा काही ऊर्जेसारखा निसर्गनियमाने बांधलेला नाही, हे खरे. तरीही या एका बिलापुरता प्रश्न तोच आहे. तुम्ही न दिलेले पैसे कोणीतरी सोसलेच असले पाहिजेत. ते कोणी सोसले, याचा शोध घेऊ.

कात्रीपासून मोबाइलपर्यंत

‘कूपन’ हा मूळचा फ्रेंच शब्द. तो ‘कापणे’ या अर्थाच्या क्रियापदापासून आला आहे. वर्तमानपत्राच्या कोपऱ्यातला चौकोन कात्रीने कापून दुकानात द्यायचा आणि सवलत घ्यायची, अशी ही पद्धत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतील अटलांटा शहरात कोकाकोला कंपनीने एक पेला फुकट देणारी कूपने वाटली. हे या प्रकाराचे प्रसिद्ध जुने उदाहरण आहे.

इंटरनेट आले आणि कात्री गेली. नोव्हेंबर २००८ मध्ये शिकागो शहरात अँड्र्यू मेसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘ग्रुपॉन’ सुरू केले. ‘ग्रुप’ आणि ‘कूपन’ यांचा हा संधी. त्यांची पहिली सवलत त्यांच्याच कचेरीच्या इमारतीतील एका हॉटेलाची होती: एका पिझ्झाच्या किमतीत दोन पिझ्झा. एका शहरात एका दिवशी एक मोठी सवलत विकायची, अशी ही कल्पना होती. ठरावीक संख्येने लोकांनी ती विकत घेतली, तरच ती लागू होई. हिलाच ‘डेली डील’ म्हणू लागले. भारतात ‘स्नॅपडील’ ही कंपनीसुद्धा २०१० मध्ये अशीच कूपने विकण्यासाठी सुरू झाली होती. इतर वस्तूंच्या विक्रीकडे ती नंतर वळली.

आधी मोजमाप

भौतिकशास्त्रात कारण शोधण्यापूर्वी राशी नीट मोजावी लागते. तेव्हा सूट किती मिळाली, हे आधी मोजू.

जाहिरात म्हणते, “५० टक्के सूट, शिवाय आणखी २० टक्के.” अनेकांना वाटते, एकूण ७० टक्के झाली. करून पाहा. १०० चे झाले ५०. आता २० टक्के निघतात ते या ५० मधून, म्हणजे १० रुपये. द्यायचे राहिले ४०. एकूण सूट ६० टक्के. एकामागून एक येणाऱ्या सुटींची बेरीज होत नाही. उरलेल्या भागांचा गुणाकार होतो: ०.५ × ०.८ = ०.४.

दुसरी जाहिरात: “५० टक्के सूट, कमाल १०० रुपये.” येथे ‘कमाल’ हा शब्द बारीक अक्षरांत असतो आणि खरे काम तोच करतो. बिल २०० रुपये असेल, तर सूट १०० रुपये, म्हणजे ५० टक्के. बिल ४०० झाले, तरी सूट १०० रुपयेच, म्हणजे २५ टक्के. बिल १००० झाले, तर १० टक्के. आता प्रत्येक वेळी बिलाला सुटीच्या टक्केवारीने गुणा. २०० × ५०, ४०० × २५, १००० × १०. तिन्ही गुणाकार १०,००० येतात! दोन राशींचा गुणाकार स्थिर, हे तुम्ही कोठे पाहिले आहे? बॉईलच्या नियमात. तापमान स्थिर असताना वायूचा दाब आणि आकारमान यांचा गुणाकार स्थिर असतो. आलेख काढलात, तर २०० रुपयांपर्यंत आडवी सरळ रेषा आणि तेथून पुढे खाली उतरत जाणारा, बॉईलच्या नियमातला ओळखीचा वक्र मिळेल. पाचसहा जणांच्या कुटुंबाचे बिल या वक्राच्या शेपटीकडे कोठेतरी असते, आणि जाहिरातीतला ५० चा ठळक आकडा मात्र वरच्या आडव्या रेषेवरचा असतो.

तिसरी जाहिरात: “किमान ५०० रुपयांच्या बिलावर १०० रुपये सूट.” समजा, तुमचे बिल ३८० रुपये होणार होते. सुटीसाठी तुम्ही १२० रुपयांचे आइस्क्रीम मागवले. बिल ५०० झाले, सूट जाऊन ४०० द्यावे लागले. “१०० रुपये वाचले,” असे ॲप सांगते. पण तुमच्या खिशातून आधीच्यापेक्षा २० रुपये जास्त गेले! आइस्क्रीम खायचेच होते, तर ते २० रुपयांत मिळाले, सौदा उत्तम. खायचे नव्हते, तर २० रुपये वाया गेले. विस्थापन कोठून मोजायचे, हे आरंभबिंदूवर अवलंबून असते. तसेच येथेही आहे. बचत मोजायची ती मेनूकार्डावरच्या किमतीपासून नव्हे. कूपन नसते तर तुम्ही किती खर्च केला असता, तेथून.

आगाऊ विकत घेतलेल्या कूपनांची आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. प्रत्येकी ५०० रुपयांची पाच कूपने घेतली आणि एकाची मुदत टळून गेली, पैसेही परत मिळाले नाहीत, तर चार जेवणांना २५०० रुपये पडले. म्हणजे प्रत्येक कूपन ६२५ रुपयांना पडले.

रिकामी खुर्ची

आता हॉटेलमालकाच्या बाजूने पाहू. त्याचा खर्च दोन प्रकारचा असतो. जागेचे भाडे, आचारी आणि वेटर यांचे पगार, दिवे-पंखे हा खर्च गिऱ्हाईक येवो न येवो, होतच राहतो. याला स्थिर खर्च म्हणतात. धान्य, भाजी, तेल, गॅस यांचा खर्च मात्र जितके जेवणारे तितका वाढतो. हा बदलता खर्च.

मंगळवारी दुपारी चार वाजता हॉटेलात वीस खुर्च्या रिकाम्या आहेत. वीज विजेरीत साठवता येते, पाणी टाकीत साठवता येते. पण मंगळवारची रिकामी खुर्ची रविवारच्या रात्रीसाठी साठवून ठेवता येत नाही. ती वेळ गेली की गेली. अशा वेळी एखादे गिऱ्हाईक अर्ध्या किमतीत जेवले आणि त्याने भाजी-तेलाचा खर्च भरून वर चार पैसे दिले, तर मालकाचा फायदाच आहे. “सोमवार ते गुरुवार, दुपारी १२ ते ७” अशी अट अनेक कूपनांवर का असते, ते आता तुमच्या ध्यानात येईल.

म्हणजे आपल्या प्रश्नाचे पहिले उत्तर मिळाले. खुर्ची खरोखर रिकामी राहणार असेल, तर सूट कोणाच्याही नुकसानीतून येत नाही. वाया जाणारे काहीतरी उपयोगात आले, त्यातून ती येते. पण कूपन घेऊन येणारा माणूस एरवीही येणारच होता, तर? हिशेब करू.

शंभरात किती जुने?

समजा, हॉटेलाने १००० रुपयांच्या जेवणाचे कूपन ५०० रुपयांना विकले. डेली डीलच्या धंद्यात विकणारी कंपनी या रकमेचा साधारण निम्मा भाग स्वतःकडे ठेवत असे. म्हणून हॉटेलाच्या हाती आले २५० रुपये. कच्च्या मालाचा खर्च शेकडा ३५ धरला, तर १००० रुपयांच्या जेवणाला ३५० रुपये लागले. म्हणजे कूपनामागे १०० रुपये तोटा! मग मालक तयार का होतो? कारण गिऱ्हाईक कूपनापेक्षा थोडे जास्त खाईल, अशी त्याला आशा असते. समजा, प्रत्येकाने आणखी ४०० रुपयांचे पदार्थ पूर्ण किमतीला घेतले. त्यांतून माल वजा जाता २६० रुपये सुटले. तोटा भरून निघाला आणि १६० रुपये उरले.

हे झाले नव्या गिऱ्हाइकाचे. जुने गिऱ्हाईक कूपन नसतानाही आले असते, १४०० रुपयांचे जेवले असते, आणि माल वजा जाता ९१० रुपये देऊन गेले असते. आता तेच कूपन घेऊन आले आणि मालकाला १६० रुपयेच उरले. नुकसान ७५० रुपये.

शंभर कूपनवाल्यांपैकी ‘क्ष’ जण जुने असतील, तर फायदा आणि तोटा बरोबरीत येण्यासाठी

१६० × (१०० − क्ष) = ७५० × क्ष

हे समीकरण सोडवा. क्ष ची किंमत १७.६ च्या आसपास येते. शंभरांत १७ जुने असतील, तर मालक ५३० रुपयांनी फायद्यात. १८ झाले, की ३८० रुपयांनी तोट्यात. एका माणसाच्या फरकाने पारडे फिरते. नवी मंडळी पुढे पूर्ण किमतीला पुन्हा आली, तर हा हिशेब सुधारेल; नुसती पुढच्या कूपनाची वाट पाहत बसली, तर सुधारणार नाही. आकडे आपण धरलेले आहेत. पण दोन भावांनी कर्ज काढून टाकलेल्या लहानशा हॉटेलाचे भवितव्य अशाच एखाद्या ‘क्ष’ वर ठरू शकते.

प्रत्यक्षात काय घडले?

अमेरिकेतील राइस विद्यापीठाचे उत्पल ढोलकिया यांनी २०१० मध्ये ग्रुपॉनवर सवलत दिलेल्या १५० व्यवसायांची पाहणी केली. ६६ टक्के व्यवसायांनी फायदा झाल्याचे सांगितले, ३२ टक्क्यांनी तोटा. पुन्हा अशी सवलत देणार नाही, असे म्हणणारे ४० टक्क्यांहून अधिक होते. सेवा देणाऱ्या व्यवसायांत हॉटेलांची स्थिती सर्वांत वाईट निघाली.

कूपनाने गिऱ्हाईक वाढते, स्वयंपाकघर वाढत नाही. जपानमध्ये २०११ च्या नववर्षासाठी एका हॉटेलाने सणाच्या पारंपरिक जेवणाचे डबे ग्रुपॉनवर निम्म्या किमतीत विकले. सुमारे ५०० डब्यांची मागणी आली. ती त्यांना झेपली नाही. डबे उशिरा पोचले आणि जे पोचले ते जाहिरातीतल्या चित्राशी जुळेनात. अखेर मेसन यांना चित्रफितीतून जपानी लोकांची माफी मागावी लागली.

आपल्याकडे ‘झोमॅटो’ने नोव्हेंबर २०१७ मध्ये ‘गोल्ड’ योजना आणली होती. वर्गणी भरणाऱ्याला एका पदार्थावर एक पदार्थ फुकट मिळे. ऑगस्ट २०१९ मध्ये गुरुग्राममधील शेकडो हॉटेले अशा सवलत-योजनांतून बाहेर पडली आणि पाठोपाठ इतर शहरांतील हॉटेलेही निघाली. सवलतीची सवय लागलेले गिऱ्हाईक पूर्ण किंमत द्यायला तयार नसते, ही त्यांची मुख्य तक्रार होती.

मग सूट येते तरी कोठून?

आता उत्तरे एकत्र मांडू. पहिले उगमस्थान रिकामी खुर्ची. दुसरे, हॉटेलमालकाचा नफा. तिसरे, ॲप चालवणारी कंपनी; नवे गिऱ्हाईक मिळवण्यासाठी ती गुंतवणूकदारांचे पैसे काही काळ खर्च करते. हा काळ संपला, की सूट आटते. चौथे उगमस्थान आहे शेजारच्या टेबलावर. कूपनांचा खर्च निघावा म्हणून मेनूकार्डावरच्या किमतीच वाढवल्या, तर ज्याच्याकडे मोबाइल नाही किंवा कूपन शोधायला सवड नाही, तो तुमच्या सुटीचा काही भाग भरतो. आणि पाचवे उगमस्थान तुम्ही स्वतः: नको असलेले आइस्क्रीम आणि मुदत टळलेले कूपन!

कूपन वापरण्यात गैर काहीच नाही. रिकाम्या वेळी, आधी ठरवलेल्याच पदार्थांसाठी, आधी कधी न पाहिलेल्या हॉटेलात ते वापरा; तुमचाही फायदा आणि मालकाचाही. पण गल्लीतल्या ज्या हॉटेलात तुम्ही दर रविवारी जाता, तेथे तुम्ही ‘क्ष’ मधले एक आहात, हे विसरू नका.

करून पाहा

१. एका कूपनावर “४० टक्के सूट, कमाल १०० रुपये” आणि दुसऱ्यावर “सरसकट २० टक्के सूट” आहे. दोन्हींचे आलेख एकाच कागदावर काढा. किती रुपयांच्या बिलापासून दुसरे कूपन अधिक फायद्याचे ठरते?

२. बिलावर आधी २० टक्के सूट घेऊन मग १०० रुपये वजा करणे आणि आधी १०० रुपये वजा करून मग २० टक्के सूट घेणे, यांत १००० रुपयांच्या बिलाला किती फरक पडतो?

३. वरील उदाहरणात कच्च्या मालाचा खर्च शेकडा ३५ ऐवजी २५ असता, तर शंभरांत जास्तीत जास्त किती जुनी गिऱ्हाइके मालकाला परवडली असती? जुन्या गिऱ्हाइकामागे होणारे ७५० रुपयांचे नुकसान मात्र तेवढेच राहते. का?

(उत्तरे: १. ५०० रुपये. २. २० रुपये. ३. २८. कारण जेवण तेच असल्याने मालाचा खर्च दोन्ही वेळा तेवढाच असतो. फरक पडतो तो हाती येणाऱ्या रकमेत, १००० ऐवजी २५०.)