शिकवणी बेळगावात, विद्यार्थी कोल्हापुरात. जीएसटी लागतो का?

बेळगाव : घरच्या हॉलमध्ये चटई अंथरायची, मोबाईल स्टँडला लावायचा, की पहाटे सहाचा ऑनलाईन योगवर्ग सुरू. विद्यार्थी मात्र कोल्हापूर, पुणे, पणजीचे. परराज्यातून फी आली की जीएसटी नोंदणी लागणार, या धास्तीने काही जण बाहेरचे विद्यार्थी घ्यायलाच कचरतात.

प्रत्यक्षात तसं नाही. परराज्यात माल विकणाऱ्याला सहसा नोंदणी लागते. सेवा देणाऱ्याला मात्र ऑक्टोबर २०१७ पासून वार्षिक २० लाखांपर्यंत सूट आहे. ३० विद्यार्थी, महिना ८०० रुपये फी धरली तरी वर्षाचे २ लाख ८८ हजारच होतात.

त्याच पॅनवर दुसरा धंदा असेल, तर त्याची उलाढालही यात मोजतात. नोंदणी नसताना फीवर जीएसटी आकारता येत नाही. प्राप्तिकराचा हिशेब वेगळा. त्यासाठी फीची वही ठेवलेली बरी.