खेळण्यातले इंजिन : परत करावे की घरी दुरुस्त करावे?

हौसेने आणलेली वस्तू घरी येऊन उघडल्यावर किंचित सदोष निघाली, असा अनुभव आपल्यापैकी कोणाला आलेला नाही? वस्तू मोडकीच असेल तर प्रश्न उरत नाही. ती सरळ दुकानात परत जाते. खरी पंचाईत होते ती थोड्याशा दोषाची. परत करावी तर हेलपाटा, ठेवावी तर मनाला टोचणी. गेल्या वर्षी अमेरिकेत आमच्या पुतण्याच्या घरी हाच प्रश्न एका खेळण्यातल्या इंजिनावरून उभा राहिला. त्याचा निकाल कसा लागला, ते आज सांगावेसे वाटते.

आम्ही आमच्या थोरल्या बंधूंबरोबर, म्हणजे दादांबरोबर, पेनसिल्व्हेनिया राज्यात गेलो होतो. दादांनी आता ऐंशी ओलांडली आहे. १९५९ साली, सतराव्या वर्षी, ते प्लेन लोझां येथील रेल्वेच्या कारखान्यात शिकाऊ फिटर म्हणून लागले. आपल्या बेटावरची आगगाडी १८६४ साली सुरू झाली हे वाचकांना ठाऊक आहेच. १९५६ साली उतारूंच्या गाड्या थांबल्या आणि १९६४ साली मालगाड्याही बंद झाल्या. दादांचा रेल्वेतला हात जेमतेम तयार झाला आणि रेल्वेच गेली. पुढचे सारे आयुष्य त्यांनी साखर कारखान्यात यंत्रे दुरुस्त करण्यात घालवले.

पुतण्याने आम्हाला स्ट्रासबर्ग या गावी नेले. तेथल्या रेल्वे कंपनीला १८३२ साली सनद मिळाली आणि आज तिच्या रुळांवर वाफेची इंजिने प्रवाशांना फिरवून आणतात. त्यांतले ९० क्रमांकाचे इंजिन फिलाडेल्फियाच्या बाल्डविन कारखान्याने १९२४ साली बांधले. आधी ते कोलोरॅडोत एका साखर कंपनीच्या रेल्वेवर बीट वाहून नेत असे आणि १९६७ साली स्ट्रासबर्गला आले. हे ऐकताच दादा म्हणाले, "म्हणजे हेही आपल्यासारखे साखरेच्याच पोटावर जगलेले!" तेथल्या कारखान्यात स्वतःची इंजिने तर दुरुस्त होतातच, शिवाय दुसऱ्यांचीही जुनी इंजिने कामाला येतात. दादा त्या दारापाशी बराच वेळ उभे राहिले. नऊ वर्षांचा नातू त्यांचा हात धरून होता.

घरी आल्यावर नातवाने हट्ट धरला आणि पुतण्याने वाफेच्या इंजिनाची विजेवर चालणारी प्रतिकृती मागवली. ही प्रतिकृती खऱ्याच्या ८७ पटींनी लहान असते आणि तिच्या रुळांत १६.५ मिलिमीटर अंतर असते. दादांनी लगेच कागद घेतला. आपल्या बेटावरच्या रुळांत १४३५ मिलिमीटर अंतर होते, अमेरिकेतही तेवढेच. १४३५ ला ८७ ने भागले की साडेसोळा येतात! "हा तर आपलाच रूळ," ते नातवाला म्हणाले.

पण इंजिन रुळावर ठेवले आणि दोन खोडी दिसल्या. एक म्हणजे सांध्यावरून जाताना मागची टेंडर, म्हणजे कोळशा-पाण्याची गाडी, दर वेळी घसरायची. दुसरी म्हणजे हळू चालवले की इंजिन किंचित लंगडायचे. भरधाव सोडले तर काहीच कळत नसे.

पुतण्या म्हणाला, "बाबा, सरळ परत करू. नव्या वस्तूत खोट का सोसायची?" सूनबाई म्हणाल्या, "एवढ्याशा गोष्टीसाठी कशाला? मुलाला काही कळत नाही." नातू इंजिन छातीशी धरून बसला. आमचे स्वतःचे मत असे होते की घरात फिटर असताना पार्सल कशाला बांधावे!

दादा मात्र काही बोलले नाहीत. त्यांनी आधी तपास केला. रूळ सपाट टेबलावर मांडून स्वच्छ पुसले, कारण मळक्या रुळाचा दोष पुष्कळदा इंजिनावर येतो. गाडी पुढे आणि मागे, दोन्ही दिशांनी चालवली. मग पुतण्याने गावातल्या एका छांदिष्टाकडून मापाची पत्र्याची पट्टी आणली. अशा छांदिष्टांची राष्ट्रीय संघटना १९३५ साली मिलवॉकी येथे स्थापन झाली. निरनिराळ्या कारखान्यांचे डबे एकाच रुळावर चालावेत म्हणून तिने चाकांची व रुळांची मापे ठरवून दिली आहेत. पट्टी लावताच पहिला दोष सापडला. टेंडरच्या एका आसावरचे चाक केसभर आत सरकले होते.

लंगडण्याचे कारण मात्र दादांनी नुसत्या डोळ्याने ओळखले. वाफेच्या इंजिनाच्या मोठ्या चाकांवर दांडे जोडलेले असतात. डाव्या चाकावरची खुंटी आणि उजव्या चाकावरची खुंटी यांत पाव फेऱ्याचे, म्हणजे ९० अंशांचे, अंतर ठेवावे लागते. एका बाजूचा दांडा अगदी टोकाशी पोहोचून बळहीन होतो, तेव्हा दुसऱ्या बाजूचा ओढत असतो. या इंजिनात एका आसावरचे हे अंतर थोडे चुकले होते. म्हणून प्रत्येक फेऱ्यात एकदा दांडे अडत होते.

"मग बाबा, तुम्हीच बसवा ना," पुतण्या म्हणाला आणि तळाचे स्क्रू काढायला निघाला. दादांनी त्याचा हात धरला. "थांब. टेंडरचे चाक मी दोन बोटांनी सरकवीन. हे दुसरे माझे काम नाही. चाके आसावर दाबून बसवलेली आहेत, त्याला यंत्र लागते. प्लेन लोझांलाही आम्ही हे काम अंदाजाने करीत नव्हतो."

दुकानात विचारणा झाली. टेंडरचे चाक घरी सरकवायला त्यांची हरकत नव्हती. परंतु त्या क्रमांकाची सगळी इंजिने विकली गेली होती. हल्ली अशा प्रतिकृती बहुतेक चीनमध्ये ठरावीक संख्येनेच तयार होतात. खेप संपली की तसेच दुसरे मिळेल याचा भरवसा नसतो. तेव्हा एकतर पैसे परत घ्यायचे, नाहीतर हमीखाली इंजिन निर्मात्याकडे दुरुस्तीला पाठवायचे आणि काही आठवडे वाट पाहायची. आमचे विमान तर पंधरा दिवसांवर आले होते. परत पाठवले असते तर दादांना ते नीट चाललेले दिसणार नव्हते.

पूर्वी असे नव्हते. जोशुआ लायोनेल कोवेन यांनी १९०० साली न्यूयॉर्कमध्ये स्थापन केलेल्या लायोनेल कंपनीने पुढे आपल्या खेळण्यांसाठी गावोगावी अधिकृत दुरुस्तीची दुकाने नेमली होती. बिघडलेले इंजिन पिशवीत घालून तेथे नेता येई. आता बहुधा टपालाचाच मार्ग उरला आहे. कायद्याचा आधार मात्र आहे. अमेरिकेत १९७५ साली झालेल्या हमीविषयक कायद्यानुसार, लेखी हमी पूर्ण आहे की मर्यादित, हे स्पष्ट लिहावे लागते. निव्वळ मन बदलले म्हणून माल परत घ्यायचा की नाही, हे मात्र बहुधा दुकानाच्या नियमावर असते. म्हणून मुदत आधी वाचावी.

शेवटी दादांनीच निर्णय दिला, "दुरुस्तीला पाठवा. पैसे परत आले तर पोराचे इंजिन जाईल. माझे बघणे राहिले तरी चालेल." टेंडरचे चाक त्यांनी नातवाच्या हातून सरकवून घेतले. मग नातवाने कागदावर दोष लिहिला : कोणत्या चाकाशी, कोणत्या वेगात, फेऱ्यात किती वेळा. तो कागद पेटीत ठेवून पार्सल गेले.

या प्रसंगातून आम्ही जे शिकलो, ते वाचकांसाठी थोडक्यात देतो. नवी वस्तू पहिल्याच दिवशी तपासावी. दोष वस्तूत आहे की आपल्या मांडणीत, हे आधी पाहावे. जे आपल्या हाताला येते ते, विक्रेत्याला विचारून, घरी करावे. ज्याला यंत्र लागते त्याला हात लावू नये, कारण अर्धवट उघडलेली वस्तू ना धड दुरुस्त होते ना परत जाते. आणि आपला हात कोठे थांबतो हे सांगण्यात कमीपणा नाही. साठ वर्षे दुरुस्ती करणाऱ्या माणसाने ते सांगितले, म्हणून आम्हाला पटले.

आम्ही मॉरिशसला परतल्यावर दोन महिन्यांनी पुतण्याचा फोन आला. इंजिन नीट होऊन आले होते. नातवाने फोन रुळांजवळ धरला आणि इंजिन अगदी हळू सोडले. दादा डोळे मिटून फेरे मोजत राहिले. मग म्हणाले, "आता लंगडत नाही. त्याला सांगा, वंगणाचा एकच थेंब घाल, जास्त नको."